विंचू, मोहोळ, गोचीड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

चावणाऱ्या आणि डसणाऱ्या जीवांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही या अंकासाठी निवडली आहेत. विंचू, गोचीड आणि माइट (गोचिडीच्या जातकुळीतला सूक्ष्म जीव) हे आठ पायांचे जीव शास्त्रानुसार कीटक नव्हेत, पण घरात आणि शेतात त्यांची गाठ एकत्रच पडते, म्हणून त्यांनाही इथे घेतलं आहे. विंचवाचं उत्तर मुद्दाम लांब लिहिलं आहे. माणूस दगावण्याची भीती तिथे मोठी आहे आणि वेळेत हालचाल केली तर वाचवताही येतं.

आमची वाडी पोलादपूरजवळ, घरं जांभ्याची आणि कौलारू. मे महिन्यात शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला रात्री विंचू चावला. तो फारसा रडला नाही, म्हणून चुना लावून झोपवला. अर्ध्या-पाऊण तासात अंग घामाने भिजलं, उलट्या झाल्या, हातपाय बर्फासारखे गार पडले. रुग्णालयात नेल्यावर वाचला. विंचू तांबूस आणि बोटाएवढाच होता. एवढासा विंचू इतका विषारी कसा? चुकलं काय?

चुकलं ते एकच. "फार रडत नाही, म्हणजे फार लागलं नाही" असा अर्थ सगळ्यांनी काढला. विंचवाच्या बाबतीत हा हिशोब बरेचदा उलटा असतो. चावल्या जागी ठणका मारतोय, पोरगं आरडाओरडा करतंय, पण अंग कोरडं आणि हातपाय गरम आहेत, तर बहुतेक वेळा विष अंगात फार भिनलेलं नसतं. वेदना बेताची, पण घाम सुटलाय, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर ते मूल धोक्यात आहे. म्हणून वेदनेकडे पाहू नका, घामाकडे पाहा आणि तळव्यांना हात लावून पाहा.

तुम्ही वर्णन केलेला तांबडा विंचू कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात सर्रास आढळतो. रंग तांबूस-तपकिरी किंवा पिवळसर, पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट त्या मानाने जाड. शेतात सापडणारी मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, तिचे चिमटे खेकड्यासारखे जाडजूड, पण शेपूट बारीक. इंगळीने मारलं तर ठणका खूप होतो, जिवावर सहसा बेतत नाही. विंचू समोर असेल तर लांबून फोटो काढून ठेवा. दिसला नसेल तर शोधण्यात वेळ घालवू नका, उपचार लक्षणांवर ठरतात, विंचवाच्या रंगावर नाही.

आता विष करतं काय ते. मज्जातंतूंमध्ये सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडून लगेच मिटायला हवीत, पण या विषामुळे ती उघडीच राहतात. तंतू थांबेनासे होतात आणि ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तात पुराच्या पाण्यासारखी सुटतात. सुरुवातीला उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठ होणं अशी लक्षणं दिसतात. हे शेवटचं लक्षण लाजेपोटी सांगितलं जात नाही. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, विष अंगात भिनल्याची ती लवकरात लवकर दिसणारी खूण आहे. मग रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो. हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांच्या विरुद्ध रक्त ढकलावं लागतं. ते थकलं की रक्त फुफ्फुसांत तुंबतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. खोकला, धाप, तोंडातून गुलाबी फेस ही त्याची लक्षणं. चावल्यापासून अर्ध्या तासातही ही वेळ येऊ शकते आणि काही तासांनीही. मुलाचं वजन कमी, पण नांगीतलं विष तेवढंच, त्यामुळे मुलांना जास्त त्रास होतो.

चावल्यावर लगेच हे करा. मुलाला आडवं करा आणि चालवू नका. चावल्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. वेदनेला पॅरासिटामॉल चालतं, मुलांना किलोला 15 मिलिग्रॅम या हिशोबाने. वाहन मिळालं की निघा, नाहीतर 108 ला फोन करा. मूल बारा वर्षांच्या आतलं असेल तर लक्षणं नसली तरी आरोग्य केंद्रात न्या आणि एक दिवस देखरेखीखाली ठेवा. लक्षणं सुरू होण्याची वाट पाहू नका.

चावल्या जागी दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने ओढू नका. चुना, रॉकेल, कांदा, तंबाखू यांतलं काहीही त्वचेखाली गेलेल्या विषापर्यंत पोहोचत नाही. चुन्याने उलट कातडी भाजते आणि मग जखम कशाची हेच कळत नाही. विंचू उतरवणारे गावोगाव आहेत. त्यांनी 'उतरवलेले' बहुतेक विंचू असे असतात, ज्यांचा ठणका एरवीही काही तासांत उतरला असता. ज्या मुलाच्या अंगात विष भिनलंय, त्याचा पहिला तास तिथे निघून जातो, आणि तोच महत्त्वाचा असतो.

मी आशा कार्यकर्ती आहे. विंचवावर प्राझोसिनची गोळी देतात असं प्रशिक्षणात ऐकलं. ती आम्ही जवळ ठेवावी का? आणि 'विंचवाची लस' म्हणतात ती वेगळी का?

प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते, म्हणजे विषाने जे केलं नेमकं त्याच्या उलट. रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात ती विंचूदंशावर वापरायला सुरुवात केली. त्याआधी विष अंगात भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत, नंतर ते प्रमाण शंभरात एखाद्यावर आलं. या कामाची कीर्ती परदेशातही पोहोचली आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाडसारख्या तालुक्याच्या गावात बसून केलेलं संशोधन जगाने उचललं, याचा आपल्या वाचकांना अभिमान वाटावा.

मात्र गोळी जवळ ठेवून स्वतःच देऊन मोकळं होणं आम्ही सुचवणार नाही. मात्रा वजनावर असते, किलोला 30 मायक्रोग्रॅम. म्हणजे 15 किलोच्या मुलाला जेमतेम 450 मायक्रोग्रॅम, 1 मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धाही तुकडा नाही. ती उलटीत पडली तर पुन्हा द्यावी लागते. हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा पुन्हा द्यायची असते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं, आईनेही मुलाला उचलून कडेवर घ्यायचं नाही. दुकानात मिळणारी हळूहळू विरघळणारी गोळी या कामाची नाही, साधी गोळीच लागते. तुमचं काम आहे लक्षणं ओळखणं, रुग्णाला आडवं ठेवून वाहनात घालणं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी फोन करून "विंचूदंश, घाम आणि उलट्या सुरू आहेत, प्राझोसिन तयार ठेवा" असं सांगणं. तो एक फोन अर्धा तास वाचवतो.

लस म्हणतात ती खरं तर प्रतिविष. तांबड्या विंचवाच्या विषावर घोड्यांच्या रक्तद्रवापासून ते तयार होतं, मुंबईच्या हाफकिनमध्ये ते बनवलं जातं. रक्तात फिरणाऱ्या विषाला ते बांधून ठेवतं, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण, केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपेक्षा लवकर सावरतात, असं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या महाडच्याच अभ्यासात दिसलं. प्रतिविष नसलं तरी थांबून राहू नये, प्राझोसिन सुरू करावं. सापाचं प्रतिविष विंचवाला चालत नाही. हा घोळ अजूनही होतो.

विंचू घरात येऊच नये म्हणून काय करावं?

एप्रिल ते जून आणि पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबर, हे विंचवाचे दिवस. रात्री भिंतीवरून उतरून तो झुरळं-किडे शोधतो आणि उजाडण्याआधी कुठल्याही फटीत शिरतो. ती फट म्हणजे बूट, दप्तर, घडी घातलेली गोधडी, गोवऱ्यांची रास, विटांचा ढीग. म्हणून बूट-चप्पल घालण्याआधी उलटं करून आपटायचं, अंथरूण झटकायचं, फाटी काढताना आणि कौलं-चिरे हलवताना जाड हातमोजे घालायचे. जमिनीवर झोपू नका. खाट भिंतीपासून वीतभर लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली आणि खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत, इतकं केलं तरी मुलं सुरक्षित राहतात. गडग्यांच्या भेगा चिखल-सिमेंटने बुजवा. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी जांभळ्या प्रकाशाची छोटी अतिनील बॅटरी आणावी, अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. झुरळं कमी केली की विंचवाचं खाणं कमी होतं, तोही एक उपाय.

आम्ही दरवर्षी पंचवीस-तीस मुलांना गडांवर नेतो. एका गडावर आग्या मोहोळ उठलं आणि मुलं सैरावैरा पळाली. अशा वेळी नेमकं काय करावं? काटा नखाने काढायचा की चिमट्याने?

आग्या मोहोळ उघड्या कड्यावर, लेणीच्या छताला, उंच झाडाच्या फांदीखाली एकाच मोठ्या पोळ्यावर लटकतं. अजिंठ्याच्या लेण्यांवर ती नेहमी दिसतात. सातेरी माशी पोकळीत राहते आणि त्या मानाने शांत असते, पण आग्या माशा हजारोंनी अंगावर येतात आणि पाठलाग करतात. त्यांना चिथावणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत : दगड मारणं, धूर, शेकोटी, पोळ्याखाली गोंगाट आणि घमघमणारं अत्तर. एका माशीने काटा मारला की त्या जागेतून पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो इतर माशांना इशारा असतो, म्हणून डसलेल्या मुलावर आणखी माशा येतात. माशी झटकून-चिरडून तो वास वाढतोच.

मोहोळ उठलं की तोंड-डोळे ओढणीने किंवा शर्टाने झाका आणि सरळ पळा, शे-दोनशे मीटर तरी, नाहीतर बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. गडाच्या कड्याजवळ मात्र पळण्यापेक्षा खाली बसून स्वतःला पूर्ण झाकून घेणं सुरक्षित, कारण घाबरून पळताना मुलं खाली पडली तर ती इजा डंखापेक्षा मोठी. पाण्यात उडी मारू नका. वर आलात की माशा तिथेच घोंघावत असतात.

काट्याच्या पद्धतीवरून वर्षानुवर्षं वाद घातला जातो. नखाने खरवडा, चिमट्याने ओढा, कार्डाने ढकला, काहीही करा, पण लगेच करा. काट्याला चिकटलेली विषाची पिशवी माशी मेल्यावरही आकुंचन पावत राहते आणि बरंचसं विष पहिल्या वीस-तीस सेकंदांतच आत जातं. कार्ड शोधण्यात गेलेला अर्धा मिनिट ही खरी चूक. गांधीलमाशीचा काटा मात्र राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते, म्हणून तिच्या पोळ्यापासून लांब होणंच आधी.

नंतर साबणाने धुवा, बर्फ लावा, अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा. खाजेला मोठ्यांना सेट्रिझिन 10 मिलिग्रॅम, सहा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने. डंखाभोवतीची सूज दुसऱ्या दिवशी वाढते, हात कोपरापर्यंतही फुगतो. तो जंतुसंसर्ग असेलच असं नाही, प्रतिजैविकांची घाई करू नका.

खरी आणीबाणी ॲलर्जीची. पाच ते तीस मिनिटांत, डसलेल्या जागेपासून दूर अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, छातीत शिट्टी वाजते, पोटात कळा येतात, चक्कर येते. एकच डंखही याला पुरेसा. इथे जीव वाचवणारं औषध ॲड्रिनलिनच आहे, सेट्रिझिन नाही. मोठ्यांना 1:1000 द्रावणाचं 0.5 मिलिलिटर, मुलांना किलोला 0.01 मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. ज्यांना पूर्वी अशी प्रतिक्रिया आली आहे त्यांनी डॉक्टरांकडून हे इंजेक्शन आणि ते टोचण्याचं प्रशिक्षण घेऊन ठेवावं. गडावर नेणाऱ्या संस्थेत निदान एकाला तरी हे यावं, इतकं आम्ही आग्रहाने सांगतो. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा, धाप असेल तर टेकून बसवा. उभं करून चालवत खाली आणू नका, रक्तदाब उतरलेला माणूस उभा राहिला की कोसळतो. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात ठेवा, लक्षणं परत येऊ शकतात.

ॲलर्जी नसलेल्यालाही डंखांची संख्या भोवते. पन्नासच्या वर डंख असतील, मूल लहान असेल तर त्याहून कमी असले तरी, रुग्ण ठणठणीत दिसत असला तरीही भरती करा. इतक्या विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा. तोंडात, घशात किंवा डोळ्यापाशी डसलं असेल तर एकाच डंखालाही रुग्णालयच.

वसतिगृहात रात्री ट्यूबलाइटभोवती किडे जमतात. सकाळी मानेवर जळजळणारा लाल पट्टा दिसला, मग फोड आले. आजी म्हणते नागीण, मित्र म्हणतो कोळी मुतला. माझ्या कोपराच्या दोन्ही बाजूंनाही सारखेच डाग आहेत. काय असेल?

हे दोन सारखे डागच उत्तर सांगतात. कोपर मिटला की कातडीच्या दोन बाजू एकमेकींना टेकतात, म्हणून एका बाजूचा द्रव दुसरीला लागून जोडीचा डाग उठतो. कोळी यात कुठेही नाही. हा काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, सात ते दहा मिलिमीटरचा लांबट किडा, मधलं पंखकवच निळसर, पळताना मागचा भाग वर उचलतो. 'ॲसिड फ्लाय' म्हणून तो ओळखला जातो. तो चावत नाही आणि डसतही नाही. मानेवर बसलेला असताना हात मारून चिरडला की त्याच्या अंगातला द्रव कातडीला लागतो आणि चोवीस तासांनंतर भाजल्यासारखं होतं. म्हणून सकाळी काही आठवत नाही.

नागिणीचे पुरळ शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यात येतात आणि पुरळ दिसण्याआधी दोन-तीन दिवस तिथे झिणझिण्या किंवा वेदना असतात. नागिणीचं औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू करावं लागतं, त्यामुळे शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.

किडा अंगावर दिसला तर फुंकर मारा किंवा कागदाने उडवा, चिरडू नका. चिरडला गेला तर साबणाने भरपूर धुवा, उशीचा अभ्रा आणि टॉवेल धुवायला टाका. फोड फोडू नका, थंड ओल्या कापडाच्या घड्या आणि कॅलामाइन लावा. डॉक्टर सौम्य स्टेरॉइड मलम पाच-सात दिवस देतात. डाग महिनाभर किंवा अधिकही राहतो आणि फिका पडत जातो. हातावरचा द्रव डोळ्याला लागला तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा. खोलीत पलंग दिव्याखालून हलवा, जाळी बारीक लावा, संध्याकाळी खिडकीजवळचा पांढरा दिवा बंद ठेवा.

नागपूर जिल्ह्यात शेती आहे. ऑगस्टमध्ये गवत कापून आठवडा-दहा दिवसांनी ताप आला, डेंग्यू-मलेरिया दोन्ही निगेटिव्ह. काखेत एक काळी खपली होती, दुखत नव्हती म्हणून कुणाला दाखवली नाही. शेवटी स्क्रब टायफस निघाला. ती खपली म्हणजे काय?

ती खपलीच तुमच्या आजाराचं निदान होती. गवतातल्या माइटची अळी, डोळ्याला जेमतेम दिसणारी, अंगावर चढून मऊ जागी चावते, आणि तिच्यातून जंतू आत जातो. चावल्या जागी काळी खपली आणि भोवती लालसर कडं तयार होतं, विडीचा चटका बसल्यासारखं. खाजही नाही आणि दुखणंही नाही, म्हणून कुणी पाहत नाही. अळीला घामट, झाकलेल्या जागा आवडतात : काख, जांघ, कंबरेचा पट्टा, स्तनाखाली, गुडघ्यामागे, कानामागे. 2018च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या भागात या आजाराची मोठी लाट आली होती, तेव्हापासून विदर्भातले डॉक्टर ही खपली आवर्जून शोधतात.

तुम्ही केलेली चूक पुष्कळजण करतात, म्हणून लिहितो. पावसाळ्यात चार-पाच दिवसांच्या वर ताप राहिला आणि शेतात, गवतात किंवा जंगलात जाणं झालं असेल, तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा आणि सर्वांगाची तपासणी करून घ्या. कपडे उतरवून पाहिल्याशिवाय ही खपली सापडत नाही. औषध स्वस्त आहे, डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निदान सात दिवस. गरोदर स्त्रियांना ॲझिथ्रोमायसिन देतात. बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडू नका. डॉक्सिसायक्लिन पोटभर पाण्याबरोबर बसून घ्या आणि लगेच आडवे पडू नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. उशीर झाला तर फुफ्फुस, मूत्रपिंड आणि मेंदूवर बेततं.

शेतात जाताना पूर्ण बाह्या, पायघोळ पँट मोज्यात खोचलेली, गवतावर बसणं-लोळणं टाळायचं. परतल्यावर लगेच अंग घासून आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. डीट हे किडे दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम उघड्या कातडीला लावा. घराभोवतालचं गवत कापा आणि उंदीर कमी करा, माइटच्या अळ्या त्यांच्याच अंगावर पोसल्या जातात.

दोडामार्गला काजूची बाग. पातेरा, म्हणजे गळलेला पाला, गोळा करताना गोचिडी अंगाला चिकटतात. काडी पेटवून किंवा रॉकेल टाकून काढावी का? माकडतापाची भीती वाटते.

चटका देऊ नका आणि रॉकेलही नको. गोचीड चवताळली की पोटातलं सारं तुमच्या रक्तात ओकते, म्हणजे ज्याला भिता तेच घडवता. टोकदार चिमट्याने कातडीला टेकून, तोंडाच्या जवळ पकडा आणि सरळ वर, सावकाश, न पिरगळता ओढा. पोटाला धरून चिमटीत दाबू नका. तोंडाचा तुकडा राहिला तर खणत बसू नका, कातडी तो स्वतः बाहेर टाकते. नंतर हात आणि जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या माकडतापाचा विषाणू 1957 साली कर्नाटकातल्या क्यासानूर जंगलात सापडला. त्यानंतर गोव्याच्या सत्तरीत आणि तुमच्या दोडामार्गातही तो पोहोचला. नोव्हेंबर-डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. तिळाएवढी लहान गोचीड जास्त धोक्याची, कारण ती दिसतच नाही. बागेतून आल्यावर काख, जांघ, कंबर, डोक्याचे केस तपासा. अचानक चढलेला जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंगदुखी, डोळे लाल, ही लक्षणं चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत दिसली तर आरोग्य केंद्रात जा आणि बागेत काम करतो हे सांगा. विषाणूवर थेट औषध नाही, रक्तस्राव आणि पाणी कमी होणं सांभाळणं हाच उपचार. तापाला पॅरासिटामॉल घ्या, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. बागेत माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, त्या भागात जाऊ नका आणि आरोग्य विभागाला कळवा. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी पातेऱ्यात उतरून पुढचं सावज शोधतात.

शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके आहेत. हात लागला की अंगभर खाज सुटते.

केस कातडीत रुततात म्हणून खाज. चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, पट्टी बदलून तीन-चार वेळा, मग धुवा. केस डोळ्यात गेला तर डोळा न चोळता नेत्रतज्ज्ञांकडे जा, तो आत सरकतो. सुरवंट दिवसा खोडावर एकत्र बसतात, तेव्हा लांब दांड्याला कापड गुंडाळून साबणाच्या पाण्यात बुडवून झाडा, अंगावर पूर्ण कपडे आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. वाळलेल्या पुंजक्यांची धूळही खाजवते, म्हणून ते जाळू नका, पुरा.

झोपेत कानात किडा गेला तर?

काडी किंवा पिन घालू नका, किडा आणखी आत जातो आणि पडद्याला इजा होते. पाणी नको, किडा फडफडून वेदना वाढवतो. डोकं कलतं धरून कानात कोमट खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब सोडा. तेलात त्याला श्वास मिळत नाही आणि फडफड थांबते. तेल खरोखर कोमटच हवं, आधी मनगटावर टाकून पाहा. कान फुटलेला असेल, पू येत असेल किंवा पडद्यात छिद्र असल्याचं आधी कळलेलं असेल तर तेल अजिबात घालू नका, आहे तसंच कानाच्या डॉक्टरांकडे जा. किडा मेल्यावरही तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. घरी अर्धवट निघालेला पाय किंवा पंख आत राहतो आणि पुढे कान सुजतो.